बिघडवण्याचा हक्क

दिवाळी दोन दिवसांवर आली, की घरोघर माळ्यावरची एक जुनी पेटी खाली येते. तिच्यात गेल्या वर्षीचा आकाशकंदील असतो, कागदात गुंडाळलेल्या पणत्या असतात आणि वर्षभर एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसलेल्या विजेच्या माळा असतात. त्यांतली एखादी माळ हटकून पेटत नाही. मग घरात दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की शंभर-दीडशे रुपयांची तर वस्तू. टाकून द्यावी आणि नवी आणावी. दुसऱ्या पक्षात बहुधा एकच माणूस असतो, आणि त्याचे वय बारा-तेरा वर्षांचे असते. ‘मी उघडून बघू?’ एवढेच तो पक्ष विचारतो. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जे उत्तर मिळत आले आहे, ते वाचकांना मी सांगायला नकोच. ‘हात लावू नकोस, बिघडेल!’ जी वस्तू बिघडली म्हणूनच पेटीतून बाहेर काढून ठेवली, ती आणखी काय बिघडणार, असे उलट विचारण्याची सोय मुलांना नसते. शिवाय सणासुदीला वाद नको. माळ कचऱ्यात जाते.

वाक्य चार शब्दांचे आहे. पण त्यात ज्ञानाविषयीची एक संपूर्ण विचारसरणी दडलेली आहे. मूल शहाणे होण्यापेक्षा वस्तू शाबूत राहणे मोलाचे, असे ते वाक्य म्हणते. आधी शीक आणि मग हात लाव, असेही ते म्हणते. आता इलेक्ट्रॉनिक्ससारख्या विषयात ज्याला आपली वाट काढायची आहे, त्याने आधी शिकून मग हात लावावा, की हात लावीत लावीत शिकावे? वरवर पाहता हा शिक्षणपद्धतीचा प्रश्न दिसतो. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. कारण हात लावून शिकायचे म्हटले, की काहीतरी बिघडणार हे ठरलेलेच. मग प्रश्न उरतो तो असा, की बिघडवण्याचा हक्क कोणाला असावा, आणि त्या बिघाडाची भरपाई कोणी करावी?

आधी त्या माळेचेच पाहू. जुन्या पद्धतीच्या माळेत सुमारे सहा व्होल्टचे चाळीसेक लहान दिवे एकामागून एक अशा ओळीने जोडलेले असतात. घरातल्या विजेचा २३० व्होल्टचा दाब ते आपसांत वाटून घेतात, म्हणून कोणी एकटा त्या दाबाखाली जळून जात नाही. पण एकाच दिव्यातली केसासारखी तार तुटली, की प्रवाहाची वाटच खुंटते आणि बाकीचे एकोणचाळीस धडधाकट दिवे त्याच्यापायी अंधारात बसतात. मूल प्रथम एकेक दिवा काढून पाहू लागते. दहा-बारा दिव्यांनंतर ते कंटाळते, थांबते, आणि विचार करू लागते. प्लग भिंतीतून काढलेला आहे. हातात साधा मीटर आहे. त्याची एक सुई प्लगच्या एका पिनेला आणि दुसरी बरोबर मधल्या दिव्याच्या होल्डरला लावली. मीटर वाजला, तर अलीकडचे वीस दिवे ठीक, दोष पलीकडे. नाही वाजला, तर दोष अलीकडे. उरलेल्या विसांचे पुन्हा दोन भाग, दहांचे पुन्हा दोन. अशा रीतीने फार तर सहा तपासण्यांत चाळिसांतला तो एक दिवा सापडतो. अर्धे अर्धे करीत जाण्याची हीच युक्ती त्या मुलाला पुढे संगणकाच्या अभ्यासात एखाद्या भारदस्त नावाने भेटेल. तेव्हा तो तिला ओळखील. कारण त्याच्या बोटांची आणि तिची ओळख जुनी असेल.

माळ बिघडली नसती, तर हे ज्ञान त्याला मिळालेच नसते. चालू असलेली वस्तू आपल्या उपयोगी पडते, पण आपल्याशी बोलत नाही. तिच्या पोटात काय आहे, कोणता भाग कोणावर अवलंबून आहे, हे ती बिघडल्यावरच कळते. वैद्यालासुद्धा शरीराची खरी ओळख रोग्यामुळे होते.

ओहमचा नियम शाळेत सगळ्यांनाच पाठ असतो. दाब वाढला की प्रवाह वाढतो, रोध वाढला की प्रवाह घटतो. तीन अक्षरांचे समीकरण आणि दोन गुणांचा प्रश्न. हा नियम ज्याच्या नावाने चालतो, तो गेओर्ग झिमोन ओहम हा जर्मन गृहस्थ शाळामास्तर होता, हे मात्र पुष्कळदा आम्हां शाळामास्तरांच्याही ध्यानी नसते. १७८९ साली जन्मलेल्या या माणसाचा बाप कुलपे तयार करणारा कारागीर होता. धंदा सांभाळून तो स्वतःच शिकला होता आणि त्याने मुलांनाही घरी गणित शिकवले होते. हत्याराची भीती त्या घरात कोणाला नसावी. कलोनच्या शाळेत शिकवीत असता ओहम आपली उपकरणे आपणच घडवी आणि तारांतून वाहणारा प्रवाह मोजी. पण त्याची एक मोठी पंचाईत झाली. त्या काळच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरत जाई, त्यामुळे मोजलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येईना. शेवटी पोगेंडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ व तांबे यांचा जोड घेतला. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. उकळते पाणी आणि वितळता बर्फ आपापल्या उष्णतामानाला चिकटून राहतात. म्हणून प्रवाहही स्थिर राहिला, आणि आकडे एका ओळीत येऊ लागले. १८२७ साली त्याचा ग्रंथ बाहेर पडला. त्याच्या देशात त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कॉप्ले पदक दिले, तोवर चौदा वर्षे उलटली होती. सांगायचे एवढेच, की आपण ज्या नियमाची घोकंपट्टी करतो, तो एका मास्तराने नीट न चालणाऱ्या बॅटरीशी झगडून मिळवलेला आहे. आपण मुलांना नियम देतो आणि झगडा मात्र काढून घेतो.

तो झगडा मुलाला परत द्यायचा, तर फार खर्च येत नाही. नऊ व्होल्टची एक बॅटरी आणि एक तांबडा एल.ई.डी. त्याच्या हाती द्यावा. तो दोहोंची थेट गाठ घालून देईल. क्षणभर लख्ख उजेड पडेल, आणि बहुधा तो दिवा कायमचा मरेल. नुकसान दोन-तीन रुपयांचे. आता त्याला वही उघडू द्यावी. दिव्याला हवेत सुमारे दोन व्होल्ट, उरले सात. प्रवाह हवा वीस मिलिअँपिअर. म्हणजे मध्ये साडेतीनशे ओहमचा रेझिस्टर हवा. तो दुकानात जातो, तर ३५० चा रेझिस्टर सहसा मिळतच नाही. ३३० चा मिळतो, नाहीतर ३९० चा. कारण हे भाग ठरावीक पायऱ्यांनीच तयार होतात, आणि त्यांच्या अंगावरचा सोनेरी पट्टा सांगतो, की छापलेल्या किमतीत शंभराला पाचांचा फरक पडू शकेल. गणिताचे उत्तर ३५० होते. जगाचे उत्तर ३९० आहे. या दोन आकड्यांमधल्या अंतरात समाधानाने आणि सावधपणाने राहता येणे, यालाच मी इंजिनिअर होणे म्हणेन. ते अंतर पुस्तकाच्या पानावर दिसत नाही.

या लहानशा दिव्याचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. परीक्षकाला कधी दया येते, कधी राग येतो, पेपर फार झाले तर कंटाळाही येतो. दिव्याला यातले काही येत नाही. तो मुलाचे आडनाव विचारीत नाही. त्याचे इंग्रजी कसे आहे, बाप कोण आहे, शिकवणी कोणाची लावली आहे, याची तो चौकशी करीत नाही. जोडणी बरोबर असली तर पेटतो, चुकली असली तर पेटत नाही. ज्या समाजात माणसाची किंमत तो बोलण्याआधीच ठरून जाते, तेथे इतका निःपक्षपाती न्यायाधीश तीन रुपयांना मिळावा, ही साधी गोष्ट नव्हे. या न्यायाधीशासमोर बसून ज्याने दोन-चार वर्षे काढली, त्याला स्वतःशी खोटे बोलण्याची सवय लागणे कठीण जाते.

पण एवढ्यावर थांबलो, तर हाताची आरती ओवाळून मी मोकळा झालो, असे होईल. नुसत्या हाताला एक खोड असते. वस्तू सुरू झाली, की त्याचे कुतूहल संपते. असा दुरुस्ती करणारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो पाच भाग बदलतो, सहाव्याने यंत्र सुरू होते, आणि तो सहाही भागांचे पैसे घेतो. नेमका कोणता भाग गेला होता हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते, आणि म्हणून पुढच्या खेपेलाही तो पाच भाग वाया घालवतो. हे अज्ञान तर आहेच. पण त्याचा खर्च गिऱ्हाईक सोसते, म्हणून ती अनीतीही आहे. हाताने ‘कसे’ शिकावे हे खरे. परंतु ‘का’ हा प्रश्न विचारायला माणसाला हात थांबवावा लागतो.

पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारा रिचर्ड फाइनमन लहानपणी, अमेरिकेतल्या मंदीच्या दिवसांत, ओळखीपाळखीच्या लोकांचे रेडिओ दुरुस्त करून देई. त्याने आपल्या आठवणींत एका रेडिओची हकीकत सांगितली आहे. तो रेडिओ सुरू केला, की आधी भयंकर गरजे, आणि मग हळूहळू ताळ्यावर येई. मुलगा रेडिओ उघडण्याऐवजी खोलीत येरझाऱ्या घालू लागला. मालक वैतागला, दुरुस्तीला आलेला पोर नुसता फिरतो काय! पोर विचार करीत होता, की त्या काळच्या रेडिओतले व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. हे व्हॉल्व्ह भलत्याच क्रमाने तापत असतील, तर सुरुवातीचा हा गोंगाट होईल. त्याने व्हॉल्व्हच्या जागा आपसांत बदलल्या, आणि गोंगाट गेला. या हकीकतीत बुद्धीची चमक आहेच. पण मला तिच्यात सौजन्यही दिसते. वस्तू दुसऱ्याची होती. आपल्या शिकण्याचा खर्च तिच्यावर घालण्याआधी त्या मुलाने आधी आपले डोके खर्च केले.

हे विचार मी एकदा पालकसभेत थोडक्यात मांडले. सभा संपता संपता मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. शिवणकाम करून त्या घर चालवतात. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात, नववीला होता. त्याने महिन्यापूर्वी घरातला एकुलता एक टीव्ही उघडला होता, आणि तो टीव्ही पुन्हा काही लागला नव्हता. बाई म्हणाल्या, “गुरुजी, तुमचं समदं पटलं. पण बिघडलं ते भरून कोण देणार? तुम्ही का मी?” सभेत हशा पिकला. मला हसू आले नाही. ज्ञानाविषयीच्या चर्चेत सगळ्यांत अवघड प्रश्न असतो, तो त्या बाईंनी सगळ्यांत साध्या शब्दांत विचारला होता.

कारण खरोखर पाहता, बिघडवण्याचा हक्क आपल्याकडे मालमत्तेबरोबर वारसाने मिळतो. सुखवस्तू घरातल्या मुलाने दहा वस्तू उघडून ठेवल्या, तर पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, ‘आमच्याकडे एक शास्त्रज्ञ आहे बरं!’ गरिबाच्या मुलाने एकच उघडली, तर तो उपद्व्यापी ठरतो आणि मारही खातो. दोघांचा अपराध एक, दोघांची जिज्ञासा एक. फरक फक्त भरपाईच्या ताकदीचा. आणि मुलींची गोष्ट तर याहून वेगळी. घर सुखवस्तू असले तरी वस्तू उघडतो तो भाऊ. बहिणीच्या वाट्याला येते ते जमिनीवर सांडलेले स्क्रू वेचून देण्याचे काम. तिला हा हक्क वारसानेही मिळत नाही.

‘अमक्याने स्वतःच्या हाताने स्वतःची वाट काढली’ अशी चरित्रे आपण वाचतो. त्या हाताखाली दुसऱ्या कोणाचा तरी तळहात असतो, तो चित्रात दिसत नाही एवढेच. इंटिग्रेटेड सर्किटचा एक जनक जॅक किल्बी याचे उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ग्रेट बेंड नावाच्या गावी तो वाढला. त्याचे वडील वीज पुरवणारी एक कंपनी चालवीत. एका हिवाळी वादळात तारा तुटल्या तेव्हा हौशी रेडिओवाल्यांच्या मदतीने वडिलांनी दूरदूरच्या ग्राहकांशी संपर्क ठेवला, आणि ते पाहून या मुलाला रेडिओचे वेड लागले. एम.आय.टी. या नामांकित संस्थेची प्रवेशपरीक्षा तो थोडक्यात नापास झाला. पण म्हणून शिक्षणावर रुसला नाही. इलिनॉय विद्यापीठात रीतसर शिकून इंजिनिअर झाला. १९५८ च्या उन्हाळ्यात, नव्या नोकरीत हक्काची रजा नसल्यामुळे, ओस पडलेल्या प्रयोगशाळेत तो एकटाच काम करीत राहिला; आणि १२ सप्टेंबर १९५८ रोजी त्याने जर्मेनियमच्या एका तुकड्यावर उभे केलेले संपूर्ण सर्किट वरिष्ठांना दाखवले. दिसायला ते अगदी ओबडधोबड होते. २००० साली त्याला नोबेल मिळाले. परीक्षेचा निकाल हा शेवटचा निकाल नव्हे, हे यातून आपण सहज घेतो. पण त्या मुलाला वेड लागले ते ज्या घरात, तेथे तारा आणि यंत्रे रोजच्या बोलण्यातली होती, हेही घेतले पाहिजे. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरात टीव्ही एकच होता.

आपल्याकडे या अडचणीला आणखी एक जुनी गाठ आहे. शेकडो वर्षे आपण हात आणि विद्या यांची फारकत करून ठेवली. ज्यांच्या हातांत लोखंड, तांबे, कातडे होते, त्यांच्या हाती अक्षर पडू दिले नाही. आणि ज्यांच्या मुखात विद्या होती, त्यांना अडकित्त्यापलीकडे हत्यार धरण्याची गरज पडली नाही. दोघेही त्यामुळे अर्धे राहिले. ही फारकत मिटवण्याचा एक थोर प्रयत्न आपल्याच भूमीवर झाला. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि हाताच्या उद्योगातून सर्व शिक्षण द्यावे, असा विचार देशापुढे आला. त्याविषयी पूर्ण आदर ठेवून एक शंका येथे मांडावीशी वाटते. मुलांनी तयार केलेल्या मालातून शिक्षकांच्या वेतनाचा खर्च हळूहळू निघावा, अशीही तेथे अपेक्षा होती. जेथे सूत विकले गेलेच पाहिजे, तेथे सूत बिघडवायला कितीशी जागा उरणार? उत्पादन करणारा हात आणि शिकणारा हात हे एकच नव्हेत. पहिल्याला नासाडी परवडत नाही. दुसऱ्याची तीच फी असते.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून ते एका कोरडवाहू गावात आले, आणि शाळा सुटलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, पाण्याची व्यवस्था अशी गावाच्या खऱ्या गरजेची कामे करता करता शिकवायला घेतले. २००२ साली त्याच किल्बीला नापास करणाऱ्या एम.आय.टी.च्या सहकार्याने तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. त्या संस्थेबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. शाळेने ‘नापास’ म्हणून बाहेर ठेवलेल्या मुलांच्या हाती जगातली नवी हत्यारे द्यावीत, या कृतीत त्या बाईंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे, असे मला वाटते. बिघाडाचा खर्च एकट्या घराने सोसायचा नसतो.

उरलेले निम्मे उत्तर शिकणाऱ्याने द्यायचे असते. कोणताही हक्क मर्यादेवाचून राहिला, तर त्याचा उच्छाद होतो. बिघडवण्याच्या हक्काला माझ्या मते तीन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा जिवाची. वस्तू बिघडवता येते, शरीर बिघडवता येत नाही. घरातली २३० व्होल्टची वीज सरळ करून घेतली, की ती सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते, आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ दबा धरून बसू शकते. जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत तर हजारो व्होल्ट असत. म्हणून पहिली दोन वर्षे बॅटरीवर काढावीत, हा नियम भित्रेपणाचा नव्हे. दुसरी मर्यादा परक्या वस्तूची. विचारल्यावाचून तिला हात लावू नये. आणि आईचा टीव्हीसुद्धा या अर्थाने परकाच. तिसरी मर्यादा सत्याची. जे बिघडवले ते लपवू नये. उलट लिहून ठेवावे.

या तिसऱ्या मर्यादेचा मोठा आदर्श मायकेल फॅरडे याने घालून दिला आहे. तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मुलगा. बांधायला आलेली पुस्तके वाचून विजेच्या नादी लागला. १८३१ साली, चुंबकाच्या साहाय्याने तारेत वीज उत्पन्न करता येते, हे त्याने दाखवले, आणि आजची वीजनिर्मिती बव्हंशी त्या पायावर उभी आहे. हा माणूस आपल्या प्रयोगांची रोजनिशी क्रमांक घालून लिहीत असे. ते क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. त्यात फसलेले प्रयोग फसले म्हणूनच लिहिले आहेत. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा काही संबंध असावा, अशी त्याची दृढ समजूत होती. त्यासाठी त्याने पुष्कळ खटपट केली. काहीच हाती लागले नाही. आणि १८५१ साली त्याने ते अपयश तसेच्या तसे छापून टाकले. आपला बिघाड जगासमोर मांडणाऱ्याला तो करण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

शिवाय बिघाडाला जपून ठेवले, तर तो कधी काय देईल, ते सांगता येत नाही. १९४५ साली टोकियोत, युद्धातून कशीबशी बचावलेल्या एका दुकानाच्या इमारतीत मासारू इबुका या गृहस्थांनी रेडिओ दुरुस्तीचे काम मांडले. त्यातून वाढलेल्या कंपनीचे नाव पुढे सोनी झाले. १९५७ साली त्यांच्याकडे ट्रान्झिस्टर नीट बनेनात. खराब निघालेल्या मालाचा छडा लावण्याच्या कामात असताना लिओ एसाकी यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. काही तुकड्यांत दाब वाढवला, की एका टप्प्यावर प्रवाह वाढण्याऐवजी घटे! म्हणजे आपल्या शाळामास्तराच्या नियमाच्या अगदी उलट. कोणी म्हणाला असता, माल नासला, फेकून द्या. एसाकींनी तो फेकला नाही. त्यांतून टनेल डायोडचा शोध लागला, आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळाले. नासलेल्या मालाकडे पाहत बसायला एका माणसाला वेळ आणि पगार मिळत होता. बिघडवण्याचा हक्क संस्थेने मान्य करणे म्हणजे याहून वेगळे काय असते?

तेव्हा त्या बाईंना मी जे उत्तर दिले, ते असे होते: भरून आपण सगळ्यांनी द्यायचे. दिवाळीच्या साफसफाईत घरोघरचे बंद पडलेले चार्जर, मुके झालेले रेडिओ, हातपाय मोडलेली खेळणी भंगारवाल्याकडे जातात. ती शाळेकडे यावीत. विजेच्या तारेपासून तोडलेली, मोठ्यांनी तपासलेली, आणि ‘उघडून पाहण्यासाठी’ अशी चिठ्ठी लावलेली. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मीटर, सोल्डरिंगचे सामान आणि मूठभर भाग मिळतात. फटाक्यांच्या एका पिशवीचा तो खर्च आहे. दोन्हींचा शेवटी धूरच होतो, पण एका धुरातून काही शिकायला मिळते. आमच्या शाळेत असे एक कपाट आता आहे. त्या बाईंचा मुलगा त्याच्यासमोर सर्वांत जास्त वेळ बसत असे. त्याने आपल्या घरचा टीव्हीही तेथे आणला. तो काही दुरुस्त झाला नाही. त्याचा पडदाच आतून तडकला होता. पण त्यात काय गेले आहे आणि ते का दुरुस्त होणार नाही, हे त्याने आईला नीट समजावून सांगितले. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, असे त्याने मला मुद्दाम येऊन सांगितले.

दहावीच्या निकालानंतर त्याने विचारले, “गुरुजी, मी ह्यातच जाऊ का?” हा प्रश्न दर जून महिन्यात किती घरांतून विचारला जातो! वाटा पुष्कळ आहेत. आय.टी.आय.चा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. ठरावीक अटी पुऱ्या केल्या, तर तेथून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि पदविकेवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. हे मी त्याला सांगितले. पण त्याचा खरा प्रश्न निराळा होता. आपली वाट हीच हे ओळखायचे कसे, असे त्याला विचारायचे होते. मी त्याला म्हणालो, “वस्तू सुरू झाल्यावर आनंद सगळ्यांनाच होतो, त्यावरून काही ठरवू नकोस. तिसऱ्या रात्रीही ती सुरू होत नाही, तेव्हा तू पुस्तक उघडतोस, की पेटी बंद करतोस, ते बघ.” त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “पुस्तक इंग्रजीत असतं, गुरुजी.” मग म्हणाला, “पण उघडतो.”

आपण ‘वाट सापडली’ असे म्हणतो खरे. जणू ती कोठेतरी तयार होती आणि आपण फक्त जाऊन पोहोचलो. गावाकडच्या माणसाला विचारा. तो म्हणेल, वाट सापडत नाही, वाट पडते. रोज त्याच जागी पाय पडले, की गवत दबते, माती घट्ट होते, आणि एक दिवस तेथे पायवाट असते. पण ती पडते कोणाच्या तरी बांधावरून, कोणाच्या तरी रानातून. त्या रानाच्या धन्याने चार ताटे तुडवली जाताना पाहिलेली असतात, आणि तो काही बोललेला नसतो.